दाखल-खारीज आणि त्यापुढे

(मंगरूळपीर येथे झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत यांच्यानंतर एक ओळ होती : ‘दिवंगत माजी विद्यार्थ्यांना श्रद्धांजली’. आपण सारे उभे राहिलो, दोन मिनिटे स्तब्ध राहिलो आणि बसलो. उपचार यथासांग पार पडला. परंतु त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात नावे आठवू लागलो, तेव्हा आठ-दहा नावांच्या पुढे मला जाता आले नाही. ज्याने आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली, त्याची ही अवस्था! मग आपण श्रद्धांजली वाहिली ती नेमकी कोणाला? ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांना वाहिलेली श्रद्धांजली त्यांच्यापर्यंत पोहोचते काय? याच प्रश्नाविषयी आज चार शब्द बोलावेत, असे मी ठरविले आहे. विषय आनंदमेळाव्याला थोडा जड वाटेल. परंतु वडीलधाऱ्या माणसाला एवढी मुभा आपण द्याल, अशी खात्री आहे.

शाळेचे सर्वांत मोठे पुस्तक

प्रत्येक शाळेत एक जाडजूड नोंदवही असते. आपण तिला दाखल-खारीज रजिस्टर म्हणतो. शाळेतील इतर कागद काही वर्षांनी निकालात निघतात. हे रजिस्टर मात्र कायम जतन करावयाचे असते. त्यात विद्यार्थ्याचा अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. एका आडव्या ओळीत एका मुलाचे सारे बालपण मावते. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून तयार होतो. पुढे नोकरी, पारपत्र, जातपडताळणी, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक वळणावर माणसाला या ओळीपाशी परत यावे लागते.

ही ओळ केवढी मोलाची असू शकते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. साताऱ्याच्या राजवाड्यातील शासकीय हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये अनुक्रमांक पडला १९१४ आणि नाव लिहिले गेले ‘भिवा रामजी आंबेडकर’. ज्या लेखनिकाने ती ओळ लिहिली, त्याला आपण काय लिहीत आहोत याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याच्या लेखी ती १९१३ नंतरची आणि १९१५ च्या आधीची एक नोंद होती. ते रजिस्टर शाळेने जपले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. घटनेच्या शिल्पकाराचे स्मरण करण्याचा हा दिवस एका शालेय नोंदीतून मिळाला, हे आपण शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे.

परंतु माझे मन त्या पानावरच्या इतर ओळींकडे जाते. १९१३ क्रमांकाचा मुलगा कोण होता? १९१५ क्रमांकाचा पुढे काय झाला? त्यांनीही त्याच वर्गात पाटी-पुस्तक उघडले असेल. कोणी तलाठी झाला असेल, कोणी पलटणीत गेला असेल, कोणी साथीच्या रोगात अकाली गेला असेल. रजिस्टर त्याविषयी मौन पाळते. कारण रजिस्टर शाळा सोडल्याच्या तारखेशी थांबते. त्यापुढचा रकाना छापलेलाच नाही.

शेरा हा शेवटचा शब्द नव्हे

रजिस्टरची ही एक मर्यादा झाली. दुसरी मर्यादा अशी, की शाळा त्या वयात जे दिसते तेच लिहिते. नागपूरच्या महाल भागातील नील सिटी हायस्कूलचे उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्यार्थ्यांनी राजकारणात भाग घेऊ नये असे सरकारी परिपत्रक निघाले होते. त्या वातावरणात शाळेच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे स्वागत मुलांनी ‘वंदे मातरम्’च्या घोषणेने केले. शाळेत गहजब झाला. पालकांच्या मध्यस्थीने बहुतेक मुले परत आली. केशव हेडगेवार नावाच्या मुलाने माफी मागण्याचे नाकारले आणि तो शाळेबाहेर गेला. पुढे तो यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत शिकला, कलकत्त्याहून डॉक्टर होऊन आला आणि १९२५ मध्ये त्याने काय उभे केले, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. शाळेच्या दप्तराच्या दृष्टीने मात्र तो एक काढून टाकलेला विद्यार्थी होता.

पुढे याच नील सिटी हायस्कूलमध्ये आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली गावचा एक मुलगा शिकून गेला. तांड्यावरून निघून, वेगवेगळ्या गावांच्या शाळा करीत, अमरावतीमार्गे तो नागपूरला पोहोचला होता. वसंतराव नाईक हे त्याचे नाव. १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात ‘कृषी दिन’ म्हणून साजरा होतो. एक काढून टाकलेला आणि एक शिकून गेलेला. दोघांचे मार्ग भिन्न, विचार भिन्न. एकाचे निधन १९४० मध्ये झाले, दुसऱ्याचे १९७९ मध्ये. तरी शाळा या नात्याने दोघेही एकाच घरचे. घर कधी म्हणते का, की हा माझा आणि तो माझा नव्हे?

आपल्या अगदी जवळचे उदाहरण सांगतो. पापळ या अमरावती जिल्ह्यातील गावचे पंजाबराव देशमुख काही काळ आपल्या शेजारच्या कारंजा लाडला शिकायला होते. तेथून अमरावती, पुणे आणि पुढे विलायत असा त्यांचा प्रवास झाला. वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून ते परतले. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री म्हणून दहा वर्षे काम केले. १९६५ मध्ये ते गेले. वऱ्हाडातील हजारो घरांत पहिला मॅट्रिक झालेला माणूस त्यांच्या संस्थेतून निघाला. परगावी राहून शिकणाऱ्या मुलाचे हाल काय असतात, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, असे मला नेहमी वाटते.

जेथे शाळाच उरली नाही

आता थोडे पुण्याकडे वळू. तळेगाव दाभाडे येथे समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा होती. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या तपश्चर्येतून ती उभी राहिली. विष्णू गणेश पिंगळे हा तळेगाव ढमढेरे गावचा मुलगा तेथे शिकला. १९१० मध्ये इंग्रज सरकारने ती शाळा बंद पाडली. पिंगळे पुढे अमेरिकेत गेला, गदर पक्षाच्या कार्यात शिरला आणि सैन्यात उठाव घडविण्यासाठी मायदेशी परतला. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या लष्करी छावणीत तो बाँबसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात, कर्तारसिंग सराभा यांच्यासह, त्याला फाशी देण्यात आले. वय सत्तावीस वर्षांचे. ज्या शाळेने त्याला घडविले, ती त्याच्याआधीच बंद पडली होती. त्याच्या नावापुढे ‘आमचा विद्यार्थी’ असे लिहिण्यासाठी त्या दिवशी ती शाळाच जागेवर नव्हती.

आणि खानदेशातील नंदुरबार! ९ सप्टेंबर १९४२ या दिवशी शाळकरी मुलांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. हुतात्मा शिरीषकुमार मेहता हे नाव आपण पाठ्यपुस्तकांत वाचले आहे. तो सोळाही पुरा झालेला नव्हता. त्याच गोळीबारात बळी पडलेल्या इतर चौघांची नावे या सभागृहात किती जणांना येतात? मी सांगतो. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. नंदुरबारच्या लोकांनी पाचही नावे जपली आणि दर वर्षी ते त्यांचे स्मरण करतात. आपण बाहेरच्यांनी मात्र पाचांतून एक ठेवले आणि चार विसरलो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. स्मरणशक्तीचा स्वभावच असा आहे. ती एक नाव धरते आणि बाकीची सोडते. म्हणूनच स्मरण केवळ मनावर सोपवून चालत नाही, ते लिहून ठेवावे लागते.

इंग्लंडमध्ये ईटनसारख्या शाळांत पहिल्या महायुद्धात पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे कोरून ठेवलेली आहेत. त्यांचे साम्राज्य आपल्याला जाचले, परंतु आपल्या मेलेल्या मुलाचे नाव दगडावर लिहिण्याची त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. आपल्याकडेही अशी परंपरा आहे. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. तिचा विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा भागात दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडला. पोगरवाडी या त्याच्या गावी सारा सातारा लोटला होता. त्याला मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्याच्या वीरपत्नी स्वाती महाडिक कठोर प्रशिक्षण पूर्ण करून ९ सप्टेंबर २०१७ रोजी सैन्यात अधिकारी झाल्या. असे स्मरण दुःखापाशी थांबत नाही, ते पुढच्याला उभे करते.

मी न दिलेले उत्तर

येथवर मी जी नावे घेतली, ती सारी मोठ्यांची होती. येथे थांबलो असतो, तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या आणि मीही सुखाने घरी गेलो असतो. परंतु आज मला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

मी मुख्याध्यापक असताना, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दिवसांत, एक तरुण विधवा माझ्या कार्यालयात आली. कडेला पाचवीतली मुलगी उभी होती. पतीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत तिला हवी होती, वयाचा पुरावा म्हणून. तो शेतकरी होता. त्याने विष घेतले होते. मदतीच्या प्रकरणासाठी कागद गोळा करीत ती दारोदार फिरत होती. लेखनिकाने रजिस्टर काढले, ओळ शोधली, दाखला लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. मी नाव वाचले. तो माझ्याच वर्गातला होता.

मी सही केली. शिक्का मारला. कागद तिच्या हाती देताना ती म्हणाली, “सर, तुमीच शिकोलं होतं ना त्यायले? कसे होते हो ते शायेत?”

मी म्हणालो, “चांगला होता.” एवढेच. ती क्षणभर थांबली. आणखी काही ऐकायला मिळेल, असे तिला वाटत असावे. मग “बरं येतो सर” म्हणून ती निघून गेली. मुलगी मागे वळून माझ्याकडे पाहत होती.

रात्री मला एकेक गोष्ट आठवू लागली. तो भूमितीत कच्चा होता, पण पाढे त्याला तीसपर्यंत अस्खलित येत. आमच्या वर्गाची कौले गळत असत. कोणत्या ठिकाणी धार लागेल हे त्या मुलाला नेमके ठाऊक होते. पाऊस सुरू होताच तो न सांगता उठून तेथे बादली ठेवी आणि खालच्या मुलांना सरकायला लावी. एकदा सहलीत एका मुलाचे पैसे हरवले, तेव्हा याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिली होती. हे सारे मला ठाऊक होते. त्या माउलीला आणि त्या लेकरापर्यंत पोहोचवायला माझ्यापाशी एवढे मोठे धन होते आणि मी “चांगला होता” या दोन शब्दांवर तिची बोळवण केली. मी दाखला दिला, पण जे केवळ शाळाच देऊ शकते ते दिले नाही.

१ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहा जिल्ह्यांत आपला वाशीम होता, हे आपणास आठवत असेल. अशा प्रत्येक मृत्यूनंतर शासनाचे कागद तयार होतात. सातबारा पाहिला जातो, कर्ज पाहिले जाते, वसुलीचा तगादा होता काय हे पाहिले जाते आणि मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरते. शासनाला निकष लावावेच लागतात, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या माणसाविषयी जगात उरलेला शेवटचा लेखी शब्द ‘अपात्र’ हा असावा, हे मला सोसवत नाही. ज्या शाळेत तो पात्र-अपात्रतेच्या आधी नुसता एक मुलगा होता, त्या शाळेने तरी त्याच्याविषयी दुसरे एखादे वाक्य लिहून ठेवावयास नको काय?

कोण निसटतील?

म्हणून माझी सूचना आहे की, या शाळेने आपल्या दिवंगत माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही सुरू करावी. ते काम हाती घेतल्यास तीन प्रकारचे विद्यार्थी निसटून जाण्याचा धोका आहे. तो आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या, आपल्या मुली. रजिस्टरमध्ये त्यांचे माहेरचे नाव असते. कित्येकींच्या ओळीपुढे सोडण्याचे कारण ‘लग्न’ असे लिहिलेले आहे. त्यानंतर त्यांचे आडनाव बदलते, बहुधा गाव बदलते आणि पूर्वी तर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलत असे. त्या बाळंतपणात गेल्या, आजारात गेल्या, किंवा नातवंडांत सुखाने गेल्या, तरी त्यांच्या शाळेला त्याची वार्ता येत नाही. मुलग्यांच्या तुकड्या एकत्र जमतात. मुलींचे जाळे लग्नाबरोबर तुटते. आजही समोर पाहा, भगिनींच्या बाजूला किती खुर्च्या रिकाम्या आहेत. या नोंदवहीत प्रत्येकीचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावांनी स्मरण व्हावे.

दुसरे, अर्ध्यावर शाळा सोडलेले. आपल्या भागातून, विशेषतः तांड्यांवरून, कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जात आली आहेत. आई-बापाबरोबर मूल जाते, सहा महिन्यांनी परतते आणि मग वर्गात येत नाही. रजिस्टरमध्ये ‘सतत गैरहजर’ असा शेरा बसतो. माजी विद्यार्थी संघाच्या यादीत दहावी उत्तीर्ण झालेलेच असतात. चौथीपर्यंत शिकलेला मुलगा आमचा माजी विद्यार्थी नव्हे काय? संत गाडगेबाबांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही आणि त्यांनी आयुष्यभर इतरांच्या मुलांना शिकवा म्हणून कीर्तन केले. अमरावतीजवळ १९५६ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्या वऱ्हाडात आपण शिक्षणाच्या इयत्तेवरून माणसाचे स्मरण ठरविणार असू, तर ते बाबांना आवडणार नाही.

आणि तिसरे, ज्यांच्या मृत्यूविषयी घर गप्प असते. आत्महत्या केलेले, व्यसनात गेलेले, तुरुंगात गेलेले. अशा नावांपाशी आपली जीभ अडखळते. मी म्हणतो, मृत्यू कसा आला हे लिहावयाचे की नाही, ते घरच्यांच्या इच्छेवर सोडावे. परंतु नाव गाळू नये. त्याने किती वर्षे शेती केली, कोणत्या विहिरीवर मोटार बसविली, बहिणीचे लग्न कसे करून दिले, हे लिहावे. माणूस शेवटच्या एका दिवसावरून ओळखला जाऊ नये.

तर्पणात शिष्यही असतो

आपल्या परंपरेत याला आधार आहे. पितृपक्षातील महालयात आपण केवळ आपल्या कुळातील पितरांना आवाहन करतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती यादी घराच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही. तीत गुरू येतो, आप्त येतो, मित्र येतो आणि शिष्यही येतो. शिष्याने गुरूचे स्मरण करावे हे सर्वांना ठाऊक आहे. गुरूनेही आपल्या आधी गेलेल्या शिष्याला पाणी द्यावे, ही आपल्या पूर्वजांची योजना किती हृदयस्पर्शी आहे! विद्यार्थ्याचे मरण पाहावे लागणे, हे शिक्षकाच्या वाट्याचे एक दुःख आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आपले गाव एका पीराच्या नावाने ओळखले जाते आणि बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेला अवघा परिसर येथे लोटतो. या शाळेच्या रजिस्टरमध्ये सर्व घरांची मुले आहेत. कोणाच्या घरी तर्पण असेल, कोणाच्या घरी फातिहा असेल, कोणी बुद्धवंदना घेत असेल. तो ज्याच्या त्याच्या घरचा विधी आहे. शाळेचा विधी एकच, नाव पुकारणे. हजेरी घेताना आम्ही कधी घराणे पाहून आवाज चढविला किंवा उतरविला नाही. दिवंगतांच्या हजेरीतही ते होऊ नये. नोंदवहीत नावे लागावीत ती दाखल क्रमांकाप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे नव्हे. जिल्हाधिकारी झालेला आणि सालदार राहिलेला, दोघे एकाच बाकावर बसत होते, तर त्यांच्या नोंदीही शेजारी-शेजारी राहू देत.

काम कसे करावे?

संकल्प सोपा, काम कष्टाचे. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

प्रत्येक वर्षाच्या तुकडीतून दोघांनी जबाबदारी घ्यावी. त्यांत एक भगिनी असावी. तिच्यावाचून मुलींची माहिती मिळणार नाही. रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नये. शाळेत बसून मुख्याध्यापकांच्या अनुमतीने नावे उतरवून घ्यावीत. जुन्या रजिस्टरची पाने हात लावताच तुटतात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. ऐकीव माहितीवर कोणालाही दिवंगत लिहू नये. घरी जाऊन, समक्ष विचारून, खात्री करून मगच लिहावे. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रसंग मेळाव्यांत घडलेले मी पाहिले आहेत, हसू नका!

प्रत्येक नोंद सात-आठ ओळींची असावी. शाळेत कधी होता, पुढे काय केले, कोणाकोणाच्या उपयोगी पडला आणि वर्गमित्रांना अथवा शिक्षकांना आठवणारा एक तरी प्रसंग. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण तो दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘परोपकारी’ हे छापील शब्द टाळावेत. बादली कोठे ठेवायची हे कोणाला ठाऊक होते, ते लिहावे. लिहून झाल्यावर ते घरच्यांना वाचून दाखवावे आणि एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.

आणि हे काम उद्यावर टाकू नये. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांनी आपल्याला शिकविले आहे, की आठवणी सांगणारी माणसेही एकाएकी निघून जातात. ज्या शिक्षकाला सारी तुकडी तोंडपाठ होती, तो गेला की तुकडीच पुसली जाते. मीही आता पिकले पान आहे. माझ्याकडून जेवढे काढून घ्यायचे, तेवढे लवकर काढून घ्या.

त्या मुलीसाठी

त्या कार्यालयातल्या पाचवीतल्या मुलीविषयी आपण विचाराल. ती आमच्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली. तिच्या दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी मी तिला बाजूला बोलावले आणि तिच्या वडिलांची ती बादलीची गोष्ट सांगितली. पाच वर्षे उशीर झाला होता. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “सर, कोनता वर्ग होता तो?” मी तिला वर्ग दाखविला. कौले जाऊन तेथे आता पत्रे आले आहेत. ती दारात उभी राहून वर पाहत राहिली.

बंधू-भगिनींनो, शाळेने मुलाला फक्त दाखला द्यावयाचा नसतो. मुलगा गेल्यावर त्याच्या लेकराने “माझे बाबा शाळेत कसे होते?” असे विचारले, तर त्याचे उत्तर तयार ठेवणे, हेही शाळेचे काम आहे. तसे झाले, तर दाखल आणि खारीज यांच्यापुढचा न छापलेला रकाना आपण भरला, असे म्हणता येईल.

पुढच्या मेळाव्यात श्रद्धांजलीची ओळ आली, की दोन मिनिटांच्या मौनाआधी नावे पुकारली जावीत. पाच मिनिटे लागोत, अर्धा तास लागो. प्रत्येक नावाला त्याच्या तुकडीतल्या कोणीतरी उभे राहून ‘हजर’ म्हणावे. त्या दिवशी मी असेन तर माझ्या त्या विद्यार्थ्याच्या नावाला मी उभा राहीन. नसेन, तर त्याच्या नावाबरोबर माझेही पुकारा.